करकोचे उचललेलं शेत

आबा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. काल चौक गावाहून येताना आपल्या पाणथळीजवळ एसटी थांबली. मी वरच्या विजेच्या तारांकडे बघत बसले आणि मला काहीच वाटलं नाही. रडू नाही, राग नाही, नुसतं सुन्न. म्हणून आज लिहायला बसले.

ती थंडी आठवते का? भात कापून झालेलं, आणि पाणथळीकाठच्या आपल्या शेतावरून विजेची उंच लाइन नुकतीच गेलेली. अजून एक लाइन यायची होती. ती पाणथळीवरून न्यावी की डोंगराच्या कडेने, हे ठरवण्यासाठी पहिल्या तारांखाली किती पक्षी मरतात ते मोजायचं काम पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या सरांकडे आलं. मी त्यांच्या हाताखाली नुकतीच लागले होते. धुक्यात करकोच्यांना तार दिसत नाही, आपटून पडतात, हे गावात सगळे बोलत. आठवडाभर रोज सकाळी आम्ही तारांखालून चाललो आणि आपल्या शेतात एक पीसही सापडलं नाही. सर वहीत शून्य लिहीत, मी चक्रावून जाई.

शेवटच्या दिवशी सर ओटीवर चहा घेत होते. मी हात धुवायला मागच्या दारी आले, तर उकिरड्यातून एक लांब गुलाबी पाय वर आलेला. तुम्ही त्यावर शेण टाकत होतात.

“हे काय, आबा?”

“पहाटं उठून उचलतो ना गं मी. येवडी शिकलेली मानसं आपल्या शेतावर येनार, आन् मेलेली पाखरं पडलेली? बरं दिसतं का ते?”

“किती होती?”

“कोन मोजतंय? कवा दोन, कवा पाच.”

पाहुणे येणार म्हटलं की म्हशीलासुद्धा अंघोळ घालणारे तुम्ही. चेहऱ्यावर केवढं समाधान होतं! मी ओटीवर परत आले. सरांनी विचारलं, “काही नोंदवायचं राहिलं नाही ना?” मी म्हणाले, “नाही.” त्यांच्यासमोर तुमचं हसं झालं असतं, ते मला बघवलं नसतं. आणि माझ्याच घरातून मोजणी बिघडली हे कळलं तर मला काढून टाकतील, ही भीतीही होती.

दुसरी लाइन पाणथळीवरूनच गेली. दोन-तीन हिवाळे तुम्ही पाटी भरभरून करकोचे पुरलेत. मग ते यायचेच थांबले. पुढे तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हा एकदा विचारलंत, “पान्यावरनं कशाला नेली गं त्यांनी? डोंगराकडं जागा व्हती की.” मी तुमच्या पायांवर चादर ओढली आणि म्हणाले, “वरचे लोक आपलं ऐकतात का, आबा?” तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला पटलं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. सरांनी ऐकलं असतं, आबा. त्यांनी मला विचारलं होतं.