आपला नंबर सात

बारक्या,

तू वैऱ्यांच्या क्लबात गेलास, तेव्हापासून घरात तुझं नाव काढायची सोय नाही. आज तू त्यांच्याकडून खेळायला आमच्या मैदानात आलास आणि माइक माझ्या हातात. माझी रीत तुला ठाऊक आहे. घरच्या खेळाडूला ‘आपला’ म्हणायचं, पाहुण्याचा नुसता नंबर. सकाळपासून घोकत होतो, तरी जीभ घसरलीच : ‘आपला नंबर सात!’

मग एकच गिल्ला, ‘गद्दार! गद्दार!’ तू मान खाली घातलीस.

पहिल्या रांगेतून बाबा ताडकन उठले. म्हटलं, मेलो आता. ते गर्दीकडे वळून खेकसले, “गप्प बसा! बरोबर बोललाय तो.”

गोंगाटात तुला ऐकू गेलं नसेल. “त्याला सांगशील तर याद राख,” म्हणालेत. म्हणून पत्र खिशातच.

तुझा,
दादा