चव्वेचाळीस अक्षरं

२ नोव्हेंबर १९९४
हेमंतला पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीने बोलावलंय. सूनबाई शिल्पा लगेच पडदे काढायला निघाली. मी अट घातली: पल्लवीला माझ्या कॉन्व्हेंटमध्ये पहिलीत प्रवेश मिळाला, तर सगळ्यांनी इथे हैदराबादेत, तारनाक्यातच राहायचं. हेमंत हो म्हणाला. फेब्रुवारीत मुलाखत. तिथे मी एकतीस वर्षं शिकवलंय. म्हणजे प्रश्न मिटला.

३ नोव्हेंबर
ट्रंकेतून तक्ते काढले. शाळेच्या सिस्टर ॲग्नेसनी इंग्लंडहून आणलेली इंग्रजीची सोपी वर्णमाला. चव्वेचाळीस आवाज, चव्वेचाळीस अक्षरं, एका अक्षराचा एकच उच्चार. दोन वर्षं शाळेत चालली, मग आळशी बायकांनी बंद पाडली. सव्वीस अक्षरांत इंग्रजी शिकवणं हा मुलांवर अन्याय आहे. फेब्रुवारीपर्यंत नात माझ्या ताब्यात. मधे कोणी बोलायचं नाही.

११ नोव्हेंबर
घरात दुसरं इंग्रजी दिसलं तर पोर गोंधळेल. बिस्किटाच्या डब्यावर, कॅलेंडरवर, फ्रिजवर कागद चिकटवले. हेमंतचा पेपर उशीखाली ठेवते. तो आता ऑफिसातच वाचून येतो. पटलं असावं.
स्वयंपाकाच्या भामाने विचारलं, "अम्मा, बसां के बोर्ड पे बी ऐसाच लिखते क्या?"
तिला पोळ्यांकडे बघायला सांगितलं.

१८ डिसेंबर, दुपारी ३
पल्लवी वाचते. साडेपाच वर्षांची पोर, मी स्केचपेनने लिहिलेल्या गोष्टी मांडीवर बसून घडाघडा वाचते. वीस झाल्या. एकविसावी तीच मागते.
शिल्पाचं म्हणणं, आता शाळेचं साधं पुस्तकही द्यावं. म्हटलं, या अक्षरांवरून त्या अक्षरांवर मूल आपोआप जातं. कसं जातं ते तक्त्यांबरोबरच्या माहितीपुस्तकात शेवटी दिलंय. ती पानं वाळवीने खाल्ली, पण मजकूर असाच असणार.

२६ जानेवारी १९९५
शिल्पाने चोरून आणलेलं ए-बी-सीचं पुस्तक जप्त केलं.
पल्लवीने मधेच विचारलं, पुण्याला गेलो तर आजी येणार ना. तिला ओळीवर लक्ष द्यायला सांगितलं. मला अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं तरी मी जाणार नाही.

१४ फेब्रुवारी
हेडमिस्ट्रेस ज्योती माझीच विद्यार्थिनी. मला बघून उठून उभी राहिली. पल्लवीपुढे साधं पुस्तक ठेवलं. पल्लवीने बराच वेळ पाहिलं आणि मग इंग्रजीत विचारलं, हे इतकं चुकीचं कोणी लिहिलंय. थेट माझा सूर. अर्धं मिनिट मला फार अभिमान वाटला.
मग ज्योतीने दुसरं पुस्तक दिलं. मग आणखी सोपं. पल्लवी पानाकडे बघे, माझ्याकडे बघे. तिसऱ्या पुस्तकावर ओठ काढून रडायला लागली.
ज्योती हळूच म्हणाली, "मिस, मुलगी हुशार आहे. पुढच्या वर्षी आणा."
दुसरीत असताना ज्योतीला बाकावर उभं केलं होतं मी. मनात ठेवलंय तिने.

१६ फेब्रुवारी
दोष ज्योतीचा, शिल्पाचा आणि वाळवीचा. हेमंतकडे आणखी सहा महिने मागितले. तो पुण्याला होकार कळवून बसला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आई, ती काल विचारत होती, माझ्यामुळे आजी नापास झाली का?"
मी उठून गॅस बंद आहे का ते पाहिलं. बंद होता.

२ एप्रिल
तिघं पुण्याला गेले. टॅक्सीत जागा नव्हती म्हणून मी स्टेशनवर गेले नाही. स्कूटर रिक्षा मिळते, पण त्या रिक्षावाल्या पोरांचं भाडं म्हणजे लूट.

१९ जुलै
दर आठवड्याला पल्लवीला पत्र, आपल्या अक्षरांत. सराव राहायला हवा. पंधरा झाली. एकाचंही उत्तर नाही. पोस्ट खात्याचं काही खरं नाही.

६ ऑगस्ट, रविवार
पल्लवीचा फोन. इंग्रजी वाचनात वर्गात पहिली आली. नव्या बाई छान आहेत. पत्रं सगळी पोचली, डब्यात ठेवलीत. खालच्या मजल्यावरच्या अप्पारावांना वाचायला दिली होती, पण ते हैदराबादचे असूनही त्यांना जमलं नाही.
मी विचारलं, त्यांना कशाला.
"आजी, तू तेलुगूत का लिहितेस?"
सांगायला तोंड उघडलं. चार महिन्यांत इतकी मोठी झालीय आवाजाने. पाठीमागे हेमंत तिला आटप म्हणत होता, एसटीडीचे पैसे पडतात.
म्हटलं, हल्ली शिकतेय.