आजचा दोषी

रविवार, ४ तारीख. संध्याकाळ.

कबूल करून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. आज मॅचच्या आधी मी समोरच्या गोलकीपरच्या ग्लव्हजना टायर पॉलिश मारलं. गॅरेजमधला स्प्रे. दोन फवारे, वरून चोळून. बाकावर नवीकोरी हिरवी बॅग होती. आमच्या टीममध्ये नवं काही कोणाकडेच नसतं. आमच्या गोलकीपरची, म्हणजे दाजींची बॅग काळी, चेन तुटलेली. मग हिरवी कोणाची? समोरच्या टीमचीच. मॅनेजरने एवढं डोकं चालवायलाच हवं.

तरी हरलो. ५-०. त्यांच्या गोलकीपरने पॉलिश लावूनही एक बॉल सोडला नाही. माणूस आहे की डिंक. आणि आमचे दाजी, ताईचा नवरा, बारा वर्षं बसचं स्टिअरिंग धरणारा माणूस. त्यांच्या हातून तीन बॉल साबणासारखे सटकले.

मॅनेजर होऊन मला दोन महिने झाले. आधीच्या मॅनेजरचा हात टीमनेच मोडला, म्हणून जागा रिकामी होती. आता दोन मॅच उरल्यात. दोन्ही हरलो की लीगमधून बाहेर, आणि मग मी नुसता पंक्चरवाला.

ठरवलंय. टीव्हीवर बघतो, मॅनेजर दोन जातीचे. एक खोलीत बोलतात, एक माईकसमोर. खोलीत बोललेलं भिंती ऐकतात. चारचौघांत बोललेलं लागतं. आणि लागल्याशिवाय कोणी सुधारत नाही. उद्यापासून चारचौघांत.

सोमवार, ५ तारीख.

गॅरेजबाहेरच्या फळ्यावरचे ऑइल बदलायचे रेट पुसले. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, आजचा दोषी. खाली:

गोलकीपर. हात आहेत की चाळणी?

रणगाडा. वळेपर्यंत बॉल गोलमध्ये जाऊन परत येतो.

जुळे फॉरवर्ड. एक शोभेचा. कोणता ते त्यांनी ठरवावं.

दहापर्यंत गर्दी. मालक म्हणाला, अरे, गिऱ्हाईक हसून निघून जातंय, गाडी कोणी लावत नाहीये. त्याला खेळातलं काय कळतं.

साडेअकराला रणगाडा, म्हणजे आमचा डिफेंडर, आला. हा गडी एकटा फ्रिज पाठीवर घेऊन चार जिने चढतो, तेच त्याचं काम. ओठ हलवत सगळं वाचलं. विचारलं, कोणी लिहिलं. मी म्हटलं, मॅनेजमेंटने. त्याने मला कॉलरला धरून उचललं आणि जुन्या टायरांच्या ढिगात बुडावर कोंबलं. चार टायर खोल. बाहेर काढायला मालकाला जॅक लावावा लागला.

नोंद: खेळाडू रिस्पॉन्स देतायत.

बुधवार, ७ तारीख.

प्रॅक्टिस. शोभेचा कोण, यावरून जुळ्यांची जुंपली. एकाने कोपऱ्यावरचा झेंडा उपटून दुसऱ्याच्या डोक्यात घातला. काठी मोडली, डोकं नाही. दुसऱ्याने त्याचा कान चावला. सोडवायला गेलो तर दोघांनी मिळून मला धुतलं. वरचा ओठ सुजलाय. पण दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी एकमेकांना साथ दिली. टीमवर्क.

 दाजी जेवताना मान खाली घालून वाटी नुसती फिरवत बसले.

रविवार, ११ तारीख.

हरलो. ३-१. प्रगती आहे, गेल्या वेळी पाच खाल्ले होते.

दाजींच्या हातून परत दोन सटकले. मॅच संपल्यावर स्कोअर सांगणाऱ्याच्या हातातला माईक हिसकावला. म्हटलं, मंडळी, आमच्या गोलकीपरला कोणी हात उधार देईल का. अख्खं मैदान हसलं. मागून कोणीतरी ओरडलं, तुझी जीभ दे, ती कधी सुटत नाही. तोही हशा मी माझ्याच खात्यात धरला.

घरी येताना दाजी म्हणाले, मला घरी बोलला असतास तरी चाललं असतं रे. मी म्हटलं, दाजी, मैदानात मी तुमचा मेहुणा नाही. ते म्हणाले, मग राहतोस कोणाच्या घरात?

याला फिलॉसॉफी म्हणतात. 

मंगळवार, १३ तारीख.

दाजींच्या बसमध्ये एक पॅसेंजर म्हणाला, ड्रायव्हरसाहेब, स्टिअरिंग घट्ट धरा, नाहीतर सटकेल. दाजींनी चौकात, भर रस्त्यात बस थांबवली. हँडब्रेक लावला, तेवढे ते शिस्तीचे. मागे गेले आणि त्याचे दोन दात पाडले. मागे दीड तास ट्रॅफिक. दाजी सस्पेंड. साहेब म्हणाले म्हणे, हात बरे होईपर्यंत घरी बसा. म्हणजे साहेबांनीही फळा वाचलाय.

ताईने मला कुकरचं झाकण फेकून मारलं. कपाळाला चार टाके. वर म्हणाली, वाढदिवसाला मी त्यांना हौसेने नवी बॅग दिली, नवे ग्लव्हज दिले, पहिल्याच दिवसापासून माझ्या नवऱ्याचा तू तमाशा केलास. मी म्हटलं, ताई, ग्लव्हज नवे असून काय उपयोग, आत हात जुनेच ना. मग तिने कुकरही फेकला. वाकलो म्हणून वाचलो. खिडकी नाही वाचली.

शनिवार, १७ तारीख.

दाजी रोज ग्लव्हज गरम पाण्यात धुतात. काल डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने आपली बोटं दाबायला सांगितली, मग स्वतःचाच हात झटकत म्हणाला, बोटं ठणठणीत आहेत, डोक्याचं बघा. आज ते बाल्कनीत बसून आपल्या तळव्यांकडे बघत होते. मला म्हणाले, उद्या शेवटची. नंतर मी गोलमध्ये उभा राहणार नाही. बसही चालवेन की नाही माहीत नाही. आपल्याच हातांवर भरवसा राहिला नाही की माणूस काय धरणार.

थोडं वाईट वाटलं. पण मॅनेजरने भावनेत वाहून जायचं नसतं. फळा उद्याही लिहिणार.

रविवार, १८ तारीख. सहा वाजता.

जिंकलो!

हाफटाइमला ०-२ होतो. दोन्ही गोल दाजींच्या हातून. मी माईक घेतला आणि म्हटलं, दाजी, त्यापेक्षा बसच उभी करा गोलमध्ये. ते चालत आले. शांतपणे. ग्लव्हज काढले आणि माझ्या थोबाडावर हाणले, आधी एक, मग दुसरा. गालाला लागून ते सर्रकन घसरून खाली पडले. काय गुळगुळीत. मग उघड्या हाताने एक ठेवून दिली. ती नाही घसरली. डावा कान अजून वाजतोय.

सेकंड हाफ दाजी उघड्या हातांनी खेळले. नऊ बॉल धरले. एक तर रणगाड्याच्या डोक्यावरून झेप घेऊन. जुळ्यांनी तीन मारले. ३-२. लीगमध्ये राहिलो.

पद्धत सिद्ध झाली. चारचौघांत बोलल्याचा हा रिझल्ट.

टीम म्हणते, ग्लव्हजच बोगस होते, दुकानदाराने फसवलं. निघालेत त्याच्याकडे. मीही जातोय. मॅनेजर पुढे हवा.

त्याच दिवशी. सव्वासात.

रणगाड्याने दुकानदाराला काउंटरवरून उचलून बुटांच्या खोक्यांवर टाकलं. जुळ्यांनी काच फोडली. सगळ्यात मोठ्याने मी ओरडत होतो, मारा याला, ताईच्या गिफ्टमध्ये भेसळ केली.

दुकानदार नाक पुसत म्हणाला, बाबांनो, आधी दाखवा तरी. दाजींनी ग्लव्हज दिले. त्याने बोट फिरवलं. वास घेतला. म्हणाला, हे माझं नाही. हे टायर पॉलिश आहे.

 मला पहिल्यांदाच ती हिरवी बॅग नीट आठवली.

आमच्या टीममध्ये एक ड्रायव्हर, एक हमाल, दोन प्लंबर, बाकी ऑफिसवाले. गॅरेजवाला एकच. सगळे एकदम मागे वळले. दाजी सोडून. दाजींनी आपले हात बघितले, दोन्ही बाजूंनी, हरवलेली वस्तू सापडावी तसे. मी तेवढ्यात फुटलेल्या काचेतून बाहेर.

आता टायरांच्या ढिगात आहे. या वेळी स्वतःहून. पाच टायर खोल. वहीवर कपाळाचं रक्त पडतंय, टाके उसवले.

बाहेर फळ्यावर खडूचा आवाज येतोय. जोर देऊन लिहिणं चाललंय, म्हणजे ताई. तिचा खडू मोडतो, ती दुसरा घेते. बरीच मोठी यादी दिसते. लोक जमलेत. कोणीतरी मोठ्याने वाचतंय आणि सगळे हसतायत.

माझं मत बदललंय. माणसाला असं चारचौघांत बोलू नये. दार लावून, हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून सांगावं.

ही वही ज्याला सापडेल त्याच्या पाया पडतो. मी कुठे आहे ते कोणाला सांगू नका. रणगाड्याला सांगितलंत तरी एक वेळ चालेल, तो नुसता मारतो. पण दाजींना नको. ते अजून काहीच बोललेले नाहीत.