आडनावाची जागा

चाचा, आज मंगळवार, अकरा मार्च. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि मी दुकानाच्या ओट्यावर बसून एका पितळी डब्याच्या झाकणावर ‘सप्रेम भेट’ कोरत होतो. फक्त ‘ट’ राहिला होता. तेवढ्यात समोर ऑटो थांबला आणि त्यातून चाची उतरल्या. मागच्या सीटवर तांब्याची नवी देग होती, गुडघ्याएवढी, तोंडाला गोणपाट बांधलेली. ऑटोवाल्याने आणि मी ती धरून ओट्यावर ठेवली. चाचींचा रोजा होता, म्हणून चहाचं विचारलं नाही. त्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “तुह्या चाचाच्या नावानं जमातखान्यात सैपाकाले द्याची हाय, बेटा. ईदच्या आधी. काठावर नाव टाकून दे.”

मी विचारलं, “पूर्ण नाव काय टाकू?”

“मले इचारतं?” चाची हसल्या. “तीस वर्सं नाव घेतलं नाही म्या त्याइचं. ‘अजी सुनते’ म्हनलं का येत व्हते. आता तूच पाह्य.” आणि त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून तीन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. आधार कार्डावर तुम्ही शेख आहात. तुमच्या वडिलांच्या घराच्या जुन्या कागदावर मिसगर. आणि तुम्ही छापून घेतलेल्या पावतीपुस्तकावर मंगरूळवाले. “दोपारच्या नमाजनंतर येतो,” म्हणून त्या बाजारात गेल्या. मी तिन्ही कागद ओळीने मांडले, चारदा वाचले, आणि छन्नी हातात घ्यायची सोडून हे लिहायला बसलो.

तुम्हाला आठवत असेल, मी तुमच्याकडे आलो तेव्हा दहावीला दोनदा गणितात नापास झालेला होतो. दुकानाच्या शेठने मला तुमच्यापुढे उभं केलं. तुम्ही खडूने फरशीवर ‘आशीर्वाद’ लिहायला सांगितलं, मग ‘ज्येष्ठ’, मग ‘कनिष्ठ’. मी लिहिलं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून शेठला म्हणालात, “ठेवा पोट्ट्याले. हिसाब तुमी करा, वेलांटी हा पोट्टा पाहीन.” त्या दिवसापर्यंत माझ्या शुद्धलेखनाचा कोणाला काही उपयोग असेल असं मला वाटलं नव्हतं.

शेलूबाजारच्या बाजाराला दिवसभर भांडी येत आणि प्रत्येक भांड्याबरोबर एक आडनाव येई. तुमची छन्नी चाले आणि त्याबरोबर तोंडही चाले. अमुककर आला की तुम्ही विचारत, “गाव कधी सोडलं?” कारण माणूस गावात असतो तोवर त्याला कोणी गावाच्या नावाने हाक मारत नाही, बाहेर पडला की मगच मारतात. कुळकर्णी, देशपांडे ही कचेरीतून आलेली. राठोड, चव्हाण तांड्याबरोबर बैलांच्या मागे चालत आलेली. मनियाराची बांगडी, अत्ताराचं अत्तर. सिंधी कापडवाल्याच्या आडनावात शेवटी ‘आणी’ आहे, त्याचा अर्थ अमक्याचे वंशज, हे तुम्ही त्यालाच विचारून घेतलं होतं. मोठा रस्ता होत होता तेव्हा एक तेलुगू मुकादम स्टीलचा डबा घेऊन आला आणि आडनाव आधी टाका म्हणाला. मी चूक समजून उलटं लिहायला निघालो तर तुम्ही माझा हात धरलात. “त्याइच्याकडं घर आधी अन् मानूस मंग. तो जसा सांगते तसं लिव्ह.” तुमचा भाचा सौदीहून आला तेव्हा तुम्हाला कळलं की तिकडे लोहाराला हद्दाद म्हणतात आणि तेही आडनाव असतं. इंग्रजांतला स्मिथही लोहारच, हे मी शाळेत ऐकलेलं सांगितलं. तुम्ही एवढे खूश झालात की समोरच्या लोहाराला ओट्यावरून ओरडून सांगितलं, “अरे, तुहे भाऊबंद लंडनले बी हायेत!” तो म्हणाला, “मंग मनीऑर्डर काहून नाही येत?”

स्वतःच्या शेखवरही तुम्ही हसत असा. अरबीत त्याचा अर्थ बुजुर्ग. “आमच्यात पाळन्यातलं पोरगं बी बुजुर्ग. मंग पोरगं कोन?” मिसगर म्हणजे तांबट, हेही तुम्ही एकदा सांगितलं होतं. पण ते तुमच्या घराचं आडनाव होतं, हे मला आज कागद पाहून कळलं.

आमचं आडनाव गाढवे. ते मी तुम्हाला पहिले तीन महिने सांगितलं नव्हतं. शाळेत हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरून जो आवाज निघायचा तो मी अजूनही ऐकतो. माझ्या बहिणीने तर त्यापायी सातवीत महिनाभर शाळा बुडवली. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. छन्नी खाली ठेवून म्हणालात, “ज्याच्या दाराशी गाढवं, त्याच्याकडं माल. उपाशी मानसाले कोनी गाढवे म्हनत नाही. त्याले नुसतं गाढव म्हनतात.” मग मात्र हसलात, आणि मीही हसलो. पण खरं सांगायचं तर माझी लाज त्याने गेली नाही.

तुमचा एक नियम होता आणि तो आसपासच्या सगळ्या बायांना माहीत होता. मुलीच्या लग्नाच्या भांड्यांवर आधी फक्त तिचं नाव कोरायचं आणि पुढे आडनावाची जागा मोजून मोकळी सोडायची. लग्न लागून ती मांडवपरतणीला माहेरी आली की मग तुम्ही छन्नी-हातोडी पिशवीत घालून त्यांच्या घरी जात आणि मोकळ्या जागेत सासरचं आडनाव भरत. त्याचे पैसे घेत नसत, जेवून येत. दुसरे कोरणारे एकाच बैठकीत सगळं उरकून देत. मी एकदा विचारलं होतं की एवढी दोन-दोनदा मेहनत कशाला. “अक्षता पडेलोक ते नाव त्याइचं हाय, तिचं नाही,” एवढंच म्हणालात.

बहिणीचं लग्न जऊळक्याकडे ठरलं तेव्हा मामाने एकवीस भांडी घेतली. तुम्ही डोळे दाखवायला अकोल्याला गेला होतात, दोन दिवस. मुलाकडचं आडनाव मी इथे लिहीत नाही. मोठं होतं, जुन्या वतनाचं, ऐकलं की माणसं जरा सरळ बसत. मी एकवीसही भांड्यांवर बहिणीच्या नावापुढे ते कोरलं. कळशीवर, परातीवर, पाच पेल्यांवर, गंजावर, शेवटी पळीच्या दांड्यावर. कोणी सांगितलं नव्हतं, घाई नव्हती. मला ते तिच्या नावाशेजारी बघायचं होतं, गाढवेच्या जागी. अक्षरं इतकी सारखी आली होती की मी पट्टी लावून पाहिली आणि एका केसाचाही फरक निघाला नाही.

तुम्ही परत आलात, कळशी उचलून उजेडात धरलीत. मला वाटलं, शाबासकी मिळणार. “कोनं सांगतलं तुले?” तुम्ही कळशी खाली ठेवलीत. “पोट्टी अजून तुमच्या घरात झाडू मारून राह्यली, अन् तू तिले नावानिशी काढून दिलं?” यापूर्वी तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. दुकानात तेव्हा आपण दोघंच होतो.

लग्नाला आठ दिवस असताना मुलाकडच्यांनी गाडी मागितली आणि मामाने नाही म्हटलं. लग्न मोडलं. भांडी घरी येऊन पडली होती आणि बहीण दुसऱ्याचं आडनाव असलेल्या पेल्यातून पाणी पीत नव्हती, ओंजळीने पीत होती. आई ते बघत होती. चौथ्या दिवशी ती कळशी घेऊन दुकानात आली. गिऱ्हाईक होतं, शेठ होता. आईने कळशी ओट्यावर आपटली. “कोनं घातलं हे नाव? अक्षता पडाच्या आधी? कोनाचा अपशकुनी हात हाय?”

मी एका ताटावर कोरत होतो. माझा हातोडा थांबला. आईने माझ्याकडे पाहिलंच नाही, तिच्या मनातही आलं नसेल. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “म्याच घातलं, बाई. चुकी झाली.” मग आई तुम्हाला जे जे बोलली ते मला अजून पाठ आहे, ते मी लिहिणार नाही. तुम्ही ऐकून घेतलंत. आणि मी, चाचा, मी हातोडा परत चालू केला. त्या ताटावरची दोन अक्षरं वाकडी आली.

तुम्ही एकवीसही भांडी स्वतःच्या घरी नेलीत. मी म्हटलं, मी घासतो. तुम्ही म्हणालात, “तुह्या घरात आवाज जाईन. तिले आयकू नाही आलं पायजे.” कानस, मग पॉलिश पेपर, मग राख. ठिपक्याठिपक्याने खोदलेलं आडनाव तसंच ठिपक्याठिपक्याने घासून काढायचं, पत्रा न फाटता. डोळ्यांच्या डॉक्टरने बारीक काम बंद करायला सांगितलेलं होतं. महिना लागला तुम्हाला. भांडी परत आली तेव्हा त्यांवर नुसतं तिचं नाव होतं आणि पुढे एक फिकट चट्टा. आईने ती घेतली, पण तुमच्याशी बोलली नाही.

त्या हंगामात आमच्या गावातून लग्नाचं एकही भांडं तुमच्याकडे आलं नाही. पुढच्या हंगामात शेजारच्या दोन गावांतूनही नाही. बाया माझ्यापुढे भांडी ठेवत आणि हळूच सांगत, “तूच कर बरं, त्या चाचाले देऊ नको.” मी देत नव्हतो. तुम्ही शेजारी बसून जुन्या छन्न्यांना धार लावत होतात. मग एक दिवस तुम्ही आला नाहीत आणि तुमची गादी माझी झाली. बहिणीचं तीन वर्षांनी चांगल्या घरी झालं, ती सुखात आहे. तिची भांडी आईने वाशीमला नेऊन मशीनने कोरून आणली. तुम्हाला लग्नाची पत्रिका गेली नाही. पत्रिकांवर नावं मीच घातली होती.

इथवर लिहून आज दुपारी मी जेवायला घरी गेलो आणि ताटावर बसण्याआधी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली आणि पिठाचे हात झटकून उठली. मला वाटलं, मारेल. ती म्हणाली, “नऊ वर्सं झाले त्या मानसाले जाऊन. मले ठाऊक असतं तं म्या मयतीले गेली असती. त्याच्या बायकोजवळ बसली असती.” आणि मग, “तू गेलता का?” मी गेलो होतो. मागे उभा राहिलो होतो.

मी परत आलो तेव्हा आई चप्पल घालून माझ्या मागेच निघाली होती. दुकानात चाची आल्या होत्या. दोघी ओट्यावर बसल्या. आई काय बोलायचं ते बोलली, अडखळत, आणि चाचींनी तिचा हात धरला. “त्याइनं मले कधी सांगतलं नाही, बाई. भांडे घासत व्हते तं म्या इचारलं, कायचे हायेत? म्हने, पोट्टीचे हायेत एका.” मग चाची माझ्याकडे वळल्या. मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “जमातखान्यात कोनाले शेख सांगशीन, कोनाले मिसगर? समदा बाजार नाववाले चाचा म्हनते. दुवा त्याच नावानं निंघन. तेच टाक.” मी तुमचं नाव कोरलं आणि पुढे ‘नाववाले’. बोटाने सगळी वळणं तपासली. नीट आलं आहे. देग ऑटोत ठेवताना एका बाजूची कडी आईने धरली.

हा कागद मी कुठे ठेवणार ते ठरवलेलं नाही. कदाचित फाडीन. आईला सगळं सांगितलं म्हटलं, पण एक सांगितलेलं नाही, ते तुम्हालाच सांगतो. तुम्ही गेल्याचा निरोप घेऊन शेठचा मुलगा आला तेव्हा मी परातीवर कोरत होतो. रडू आलं, पण ते नंतर, रस्त्यात. आधी, एक क्षणभर, मला हलकं वाटलं होतं, की आता कोणालाच माहीत नाही.