पेट्रोलची गाळणी

नाना, आधी सांगून टाकते, मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्या गुडघ्यांनीही जवाब दिला, पण राग आहे तसाच आहे आणि तो कमी करायचा माझा काही विचार नाही. आज तो परत वर आला गाडीच्या निमित्तानं. माझी जुनी गाडी महिनाभर नुसती पेट्रोल पीत होती. चढ आला की गचके खायची, म्हणून मी खालच्या गिअरमध्ये दामटत होते. शिंदे की छावणीतल्या मिस्त्रीनं फिल्टर काढून माझ्यासमोर धरला, गंजाच्या गाळानं काळाकुट्ट झालेला. म्हणाला, "मांजी, एवरेज तो गिरेगा ही." मी म्हटलं, हे तू मला सांगू नकोस, आठ वर्षांची असल्यापासून मला ठाऊक आहे. तो हसला. म्हातारी बढाया मारते, असं वाटलं असेल त्याला.

तुम्हीच शिकवलं होतंत. शिंद्यांच्या दरबारच्या मोटारखान्यात पेट्रोलचा थेंबही गाळल्याशिवाय टाकीत जात नसे. नरसाळ्यावर मऊ कातडं पसरायचं आणि त्यातून सावकाश ओतायचं, असा तिथला शिरस्ता. संस्थान विलीन झालं, मोटारखान्यावर सरकारी पाटी लागली, तरी तुम्ही जुन्या ड्रायव्हरांनी तो सोडला नाही. दर शनिवारी ते कातडं तुम्ही घरी आणायचात. पाच वर्षांची झाले तेव्हापासून ते रिठ्याच्या पाण्यात धुवायचं काम माझं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची की वास इकडे येऊ देऊ नका. मी अंगणात बसून ते मऊ होईस्तोवर चोळायची, आणि तुम्ही उन्हाकडे धरून बघायचात आणि म्हणायचात, "छान धुतलंस." त्या दोन शब्दांसाठी मी आठवडाभर थांबायची.

मग नवा साहेब आला. त्यानं म्हणे पहिल्याच दिवशी फर्मावलं की हे दरबारी नखरे बंद. गंजक्या पिपांतलं पेट्रोल थेट टाकीत जायला लागलं आणि कातडं घरी येईनासं झालं. वर्षाच्या आत तुमच्या जीपचं एवरेज पार कोसळलं. त्याच सुमाराला आमच्या शहरातून राजधानी भोपाळला जायचं ठरलं होतं, दफ्तरं हलत होती, कोणत्या ड्रायव्हरला न्यायचं त्याच्या याद्या होत होत्या. साहेब म्हणाला, तुम्ही पेट्रोल विकता.

नोकरी गेली त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून तुम्ही आईला सगळं सांगत होतात आणि मी दाराआडून ऐकत होते. तुम्ही त्याला समजावलं होतंत की गाळणी तुंबली की इंजिनाला पेट्रोल पुरत नाही, चढावर ते धापा टाकतं, मग चोक ओढून, दुसऱ्या गिअरमध्ये रेटत न्यावं लागतं, आणि त्यात दुप्पट जळतं. तो सगळ्यांसमोर हसला होता. पेट्रोल कमी पोचतं तर जास्त जळतं कसं, हे कुणा शाळकरी पोराला जाऊन सांगा, म्हणाला. मग तो दौऱ्यावर गेला. तुम्ही शनिवारी जीपची पितळी जाळीची गाळणी बदलली होतीत, जुनी कागदात गुंडाळून घरी आणली होतीत आणि आईला म्हणाला होतात, सोमवारी त्याच्या टेबलावर आपटतो.

आणि सोमवारी काय केलंत? पेट्रोल विकल्याच्या कबुलीवर सही करून आलात. साहेबानं म्हटलं होतं, लिहून दिलं तर पोलिसांत देत नाही. गुपचूप सही! याच गोष्टीचा मला संताप येतो. भोपाळ गेलं, सरकारी नोकरी गेली, मग मरेपर्यंत बिर्लानगरला गिरण्यांच्या मालाचे ट्रक चालवलेत, आणि लग्नाकार्यात लोक आमच्याकडे बघून आवाज खाली करायचे. पुढे मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागले. प्रयोगशाळेतली मोडतोड माझ्या नावावर घालणारा कागद सहीसाठी आला, तो मी प्राचार्य सरांच्या टेबलावरून परत सरकवला. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "सही करून टाकायचीस, बाळ." मी म्हटलं, "मी तुमच्यासारखी नाही." तुम्ही ताटावरून उठलात. ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. तुम्ही चोर नव्हतात, नाना. मी हे तुमच्या सहीविरुद्ध म्हणते आहे, आणि जो ऐकेल त्याला ऐकवते आहे.

पण त्या रविवारचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही ड्यूटीवर होतात. घरीच राहिलेल्या तुमच्या डब्याच्या पिशवीत मला पेट्रोलचा वास असलेली पुरचुंडी सापडली. किती दिवसांनी माझं काम घरी आलं होतं! ती पितळी जाळी मी रिठ्यानं घासली, जुन्या दातवणाच्या काडीनं एकेक भोक मोकळं केलं, उन्हात वाळवली आणि नव्या कागदात बांधून परत ठेवली. सोमवारी सकाळी निघताना तुम्ही पुरचुंडी उघडलीत. जाळी लखलखत होती. मी समोरच उभी होते, वाट बघत. तुम्ही बराच वेळ तिच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "छान धुतलंस." ती तिथेच कोनाड्यात ठेवून गेलात. आईलासुद्धा कधी सांगितलं नाहीत.

साहेबाला दाखवायचा गाळ मीच धुऊन टाकला, हे मला त्याच सोमवारी संध्याकाळी कळलं होतं, नाना. दाराआडून मी सगळं ऐकलं होतं, एवढी काही मी खुळी नव्हते. तुम्ही बोलला नाहीत म्हणून मीही बोलले नाही, आणि मग जन्मभर सहीवरून तुमच्याशी भांडत राहिले.

हे कुठे पाठवायचं नाही. मिस्त्री तो फिल्टर फेकायला निघाला होता, मी मागून घेतला. टेबलावर आहे, कागदावर डाग पाडतो आहे. धुतलेला नाही.