अर्धी आयरिश, अर्धी मामाची

प्रिय मामा,

पाकीट बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, नोकरी टिकून आहे आणि यावेळी मालकाशी भांडणही झालेलं नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तू मामीला विचारशीलच. तर फोनवर तू 'बरं बरं, ठेव' म्हणून मला दोन वाक्यांत गुंडाळतोस. पत्राला ठेव म्हणता येत नाही, वाचावंच लागतं. शिवाय कवळी बसवल्यापासून तू फोनवर असा बोलतोस, जणू तोंडात शेजाऱ्याची उसनी कपबशी धरलीय आणि फुटली तर भरून द्यावी लागेल. रागावू नकोस. कवळी आली आणि तुझा पत्र्याचा पावा खणात गेला, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हरच्या शेजारी, हे मला कळलंय. 'आता हे तोंड फक्त जेवायला' असं तू जाहीर केलंस, हेही कळलंय. मला ते अजिबात पटलेलं नाही. पण त्यावर मागाहून येतो, आधी माझी बातमी.

मी सध्या एका लाँड्रीत आहे. हॉटेलांच्या चादरी येतात, डोंगरच्या डोंगर. धुवायच्या, वाळवायच्या, मोठ्या गरम रुळांमधून काढायच्या आणि दोघांनी दोन टोकं धरून घडी घालायची. या घडीत एक गंमत आहे, समोरच्याशी पाऊल जुळलं नाही तर चादर तिरकी जाते. मी पहिल्या दिवशी इतक्या तिरक्या केल्या की मालक म्हणाला, या चादरी आता फक्त वाकड्या माणसांना देता येतील. ते राहू दे. सांगायचं ते हे, की वाळवायच्या यंत्रांपैकी कोपऱ्यातल्याचा बेअरिंग गेलाय. तू असतास तर चहा गार व्हायच्या आत दुरुस्त केला असतास आणि माझं नुकसान झालं असतं. कारण ते यंत्र दिवसभर 'धूम-टक-टक, धूम-टक-टक' करतं. म्हणजे आपली जिगच की, तीच उड्या मारत नाचायची धून! तू शिकवलीस ती. मी चादरी उपसता उपसता तीच शिट्टीवर वाजवत असतो.

तर एकदा एक बाई पांढरे कोट घेऊन आल्या. दातांच्या डॉक्टरीण. कोट टेबलावर ठेवले आणि तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं, मागच्या वेळी डाग राहिला, आता ओरडा बसणार. तर म्हणाल्या, ही धून तुझ्याकडे कुठून आली? मी म्हटलं, मामाकडून. त्या म्हणाल्या, मामा आयर्लंडचा का? मामा, मी हसलो ते आठवून अजून हसू येतंय. तुझा तो बनियन, कानावर पेन्सिल, दातात धरलेले दोन स्क्रू, आणि ही बाई विचारते आयर्लंडचा का!

त्यांनी मला रविवारी दुपारी बोलावलं. हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली आहे, रंगाचा आणि खिळ्यांचा वास येतो, तुला आवडेल. खुर्च्या गोल मांडलेल्या. कुणाकडे फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, कुणाकडे बासरी, एका बाईकडे हातात मावेल एवढी भात्याची पेटी. समोर कागद नाही, वही नाही, सगळं कानावर. आणि मामा, त्या गोलात आयरिश असा एकही माणूस नाही! सगळे चार दिशांचे, एकमेकांची भाषा धड येत नाही, मोडकंतोडकं बोलतात आणि गाडी अडली की वाजवायला लागतात. त्यांचे म्होरके आहेत निवृत्त बसवाले आजोबा. जन्मभर बस चालवली, फिडल सीटखाली ठेवायचे. शेजारच्या घरातलं वाजवणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं, त्यावर शिकले. शेजाऱ्याचं तोंड बघितलं ते नंतर, भांडायला गेले तेव्हा.

त्यांची एक रीत आहे. नवा माणूस आधी गोलाबाहेरच्या खुर्चीवर बसतो, ऐकतो. मग एखाद्या रविवारी आजोबा मानेने खुणावतात, खुर्ची आत सरकते आणि ते म्हणतात, आता तू सुरू कर. तू सुरू केलंस की बाकीचे मागून येतात. मला ज्या दिवशी खुणावलं, मी ऐटीत खुर्ची आत ओढली. म्हटलं, आपल्याकडे अस्सल माल आहे. आठवतंय ना, दुकानात कुणी विचारलं की हे कसलं रे वाजवतोस, की तू पावा पुसत तोऱ्यात सांगायचास, आयरिश आहे, अस्सल! रेडिओ दुरुस्त करून दिला म्हणून खूश झालेल्या त्या खलाशाने पावा आणि कॅसेट ठेवून दिली होती, आणि आपण घरादाराने ती अख्खी झिजवली.

मी शिट्टीवरच सुरू केली. पहिल्या भागाला सगळे असे येऊन मिळाले, जसे काही आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून शिकलेत. माझ्या अंगावर काटा आला. मग आला दुसरा भाग. मी एकीकडे, अख्खी खोली दुसरीकडे. भर चौकात दोन हातगाड्या भिडाव्यात तसं झालं. सगळे थांबले. आणि तुझा भाचा काय म्हणाला? 'तुमचं चुकलं!'

बसवाल्या आजोबांनी फिडल मांडीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, बाळा, आम्ही सगळे चुकत असू, पण मग आमच्याबरोबर सगळं आयर्लंडही चुकतंय. यावर डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की बासरीतून चीं असा आवाज निघाला. आजोबांनी मला दुसरा भाग एकट्याला वाजवायला लावला, मग परत, मग आणखी एकदा. शेवटी म्हणाले, हा आम्ही कुठेच ऐकलेला नाही. पण छान आहे. कुणाचा आहे हा?

आणि मग मला कॅसेट आठवली. तुझ्या टेपरेकॉर्डरने तिला चावून टाकलं होतं, तू ब्लेडने खराब पट्टी कापून चिकटपट्टीने जोड दिला होतास. पहिला भाग संपला की 'खर्र' व्हायचं आणि एकदम भलतंच गाणं लागायचं. दुसरा भाग त्या पट्टीबरोबर कचऱ्यात गेला होता! मी लहानपणी विचारलंही होतं, मग तुला पुढचं कसं येतं? तू म्हणालास, पाठ होतं. मामा, लबाडा! तुला कुठलं पाठ असणार, कॅसेट आली त्याच आठवड्यात चावली गेली, मामी अजून त्यावरून टोमणे मारते.

तरी मला वाटत होतं की असेल बाबा पाठ. पण परत परत वाजवताना माझ्याच कानांनी चोर पकडला. दुसऱ्या भागात सूर वर जातो आणि थांबतो. परत वर जातो, अजून थोडा वर, परत थांबतो. तिसऱ्यांदा सगळ्यात वर, आणि मग निवांतपणे पायऱ्या उतरत खाली येतो. मामा, ही तर तुझी हाक आहे! दुकानातून जिन्यात तोंड घालून तू मामीला हाक मारायचास, 'अगंऽ', मग 'अगं एऽ', मग 'ऐकलंस काऽ', आणि मग मामी 'आले, आले, आग लागलीय का' करत चहाचा कप घेऊन जिना उतरायची. अख्ख्या गल्लीला पाठ होती. फक्त मला त्या जिगमध्ये ती कधी ऐकू आली नाही, कारण घरात दोन्ही रोजच चालायचं.

मी त्यांना हाक मारून दाखवली, मग वाजवून दाखवली. हसून हसून पुरेवाट. भात्याच्या पेटीवाली म्हणे, माझ्या नवऱ्याने एकदा तरी मला असं बोलवावं. आता दर रविवारी ती जिग दोनदा होते, एकदा सगळ्या आयर्लंडची आणि एकदा तुझी. आणि त्यांची आणखी एक रीत ऐक. धून ज्याच्याकडून मिळाली त्याचं नाव तिला चिकटतं. आजोबांनी खोलीत जाहीर केलंय, हिचं नाव 'मामाची जिग'. दोघा-तिघांना वाटतं की मामा हे तुझं नावच आहे. मी सांगितलं, असू दे.

पण घोडं अडलंय. शेवटच्या फेरीत तू उतरताना एक गिरकी घ्यायचास, ती मला येत नाही. दहा तऱ्हांनी करून पाहिली, दरवेळी जिन्यावरून घसरल्यासारखी होते. आजोबा म्हणतात, मुळाकडे जा. मी म्हटलं, मुळाच्या तोंडात कवळी आहे. तर डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. त्यांनी विचारलं, पावा दातांनी धरतात का? मी म्हटलं, धरतात काय, चावतात, टोकावर खुणा आहेत. त्या म्हणाल्या, तिथेच चूक आहे, तो दातांनी धरायचाच नसतो. फक्त ओठ. पहिले काही दिवस हवा बाजूने निसटेल, थुंकी उडेल, लाज वाटेल, मग बसेल. आणि आपले बसवाले आजोबा तर गाताना कवळी काढून खिशात ठेवतात, कुणाचं काही बिघडत नाही.

आता खरं कारण. मामीने मला बजावलं होतं की सांगू नकोस, म्हणून तोंडाने सांगत नाही, लिहितो. तिने मला फोन केला होता. पाव्याचं तिने फारसं काही काढलं नाही. म्हणाली, तो आता हाक मारत नाही रे. कवळी हलेल, शब्द बोबडा येईल, लोक हसतील म्हणून. चहा हवा असला की जिन्याच्या कठड्यावर स्क्रू ड्रायव्हर आपटतो. मी काय रेडिओ आहे का, ठोकला की चालू व्हायला? हे ती हसत म्हणाली, पण फोन ठेवता ठेवता परत तेच म्हणाली, हाक मारत नाही रे तो. तर असं कर. पत्र मिळेल त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी मी दुकानातल्या फोनवर फोन करीन. इकडे सगळे वाद्यं मांडीवर घेऊन बसतील. बोलायचं काही नाही, 'बरं बरं, ठेव' तर अजिबात नाही. खण उघड, पावा पुस, फोन काउंटरवर ठेव, आणि दुसरा भाग जिन्याकडे तोंड करून वाजव. थुंकी उडाली तर उडू दे, गिरकी चुकली तर चुकू दे. आम्ही इकडे कान लावून असू, पण आमच्यासाठी वाजवू नकोस. पायऱ्यांवर चपलांचा आवाज आला, की आम्हाला कळेल बरोबर वाजलंय.

तुझाच,
भिंगऱ्या