ओले हात

४ मार्च

ती. आजीस,
सप्रेम सलाम वि. वि.

तू परत गेल्यापासून घर फार गप्प आहे. टोमणे मारायला कोणी नाही. माझी पिटुकली जाऊन आज अकरा दिवस झाले. जेमतेम दोन दिवसांचं तिचं आयुष्य. पाळक रविवारी बाप्तिस्मा द्यायला येणार होते, ती शुक्रवारीच गेली. इथल्या चर्चच्या पंचांनी तिला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरायला लावलं, वर दगडही नको म्हणाले. सासूबाई म्हणतात, बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या लेकराला स्वर्गाचं दार नाही, आपण काय करणार. भांडून म्हणाल्या असत्या तर बरं होतं. भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाल्या.

आजी, एकच मागणं आहे. दवाखान्यात तू तिच्याजवळ घटकाभर एकटी होतीस. थोरले काका तान्हेपणी गेले तेव्हा तू स्वतः त्यांच्या कपाळाला पाणी लावलंस, म्हणून ते भिंतीच्या आत आहेत, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. अडीनडीला घरच्या माणसाने दिलेला बाप्तिस्मा पंच मानतात. पिटुकलीलाही पाणी लावलं होतंस, एवढं लिहून पाठव. लावलं नसलंस तरी.

तुझ्या मायेवरच उभी आहे, ती असू दे.
तुझी नात

११ मार्च

चि. ठमाबाईस, आजीचे अ. आ.

अक्षर बघून दचकू नकोस. शेजारची शिंपीण माझी पत्रं लिहिते, पण ती माझं बोलणंही उसवून पुन्हा नीट शिवते. आज मला तिचा एकही टाका नको, म्हणून खुद्द आमच्या इथल्या पाळकसाहेबांना खुर्चीत बसवलंय. तुझं पत्रही त्यांनीच वाचून दाखवलं. ‘लावलं नसलंस तरी’ या तीन शब्दांवर त्यांना खोकला आला.

तर ऐक. पिटुकलीला मी पाणी लावलं नाही. तिच्या पायाची बोटं मोजत बसले होते. दहा भरली, म्हणून पुन्हा मोजली. तू मागतेस ती ओळ मी देणार नाही.

आता दुसरं. तुझ्या थोरल्या काकालाही मी पाणी लावलं नव्हतं. तेव्हा मी दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी उकळायचे. निरोप आला तशी धावत सुटले, पण पोचेपर्यंत पोर गार. तेव्हाचे पाळक दारात उभे. त्यांनी विचारलं, पाणी दिलंस का. माझे हात कोपरापर्यंत ओले होतेच. ते पुढे केले आणि हो म्हटलं. साबणाचा वास त्यांना आला नसेल असं नाही.

इथे पाळकसाहेबांचं पेन थांबलं. म्हणाले, हे पंचांना सांगावं लागेल. मी म्हटलं, सांगाच, उगाच का तुम्हाला बसवलंय! लिहा पुढे.

बावन्न वर्षं हे खोटं पोटात ठेवलं, पण पोर देवाजवळ आहे याबद्दल मन एक दिवस डगमगलं नाही. गंमत बघ, पाणी नव्हतं हे मला एकटीला ठाऊक आणि खात्रीही सगळ्यांत जास्त मलाच. येशूने लोकांची लेकरं जवळ घेतली तेव्हा कोणाचं कपाळ ओलं आहे का, हे चाचपून पाहिलं नव्हतं. आपली भिंत त्याच्या गुडघ्यालाही लागत नाही.

तुझ्या काकाशेजारची जागा मी माझ्यासाठी राखून ठेवलीय. ती आता पिटुकलीची. तिला इकडे घेऊन ये. मी जाईन भिंतीबाहेर, तिथे निदान पंच भेटणार नाहीत. त्यांनी नाही म्हटलं तर एकेकाच्या दारात खुर्ची टाकून बसेन. मला दुसरं काम काय आहे?

वेळेवर जेव. रडायचं तेवढं रड, पण खोट्यावर टेकून रडू नकोस. ती काठी मोडकी आहे, मी वापरून बघितलीय.

माया आहे तशीच आहे, पत्राने काय वाढायची!
तुझी आजी (अंगठा माझाच)

ता. क. आजींनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. रविवारी पंचांसमोर मीही त्यांच्या शेजारी बसणार आहे. – पाळक

१९ मार्च

ती. आजीस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं.

पिटुकलीला मी तिकडे आणणार नाही. भिंत देवाला अडवत नसेल, तर तिला आत न्यायला मी का धडपडू? तुझी जागा तुझ्यापाशीच राहू दे. इथे भिंतीबाहेर आणखी सहा छोटे उंचवटे आहेत, एकावरही नाव नाही. पिटुकलीवर दगड बसणार, नाव कोरलेला. पंचांना तसं सांगून आले, विचारून नाही. उपटायचा तर माझ्यासमोर उपटावा. रोज संध्याकाळी पाचला मी तिथेच असते.

काल पाथरवटाकडे निघाले, तर सासूबाई चपला घालून आधीच फाटकाशी उभ्या. माझं सांगून झालं तसा त्यांनी आणखी एक दगड सांगितला, तेवढ्याच मापाचा. पाथरवटाने नाव विचारलं. त्या म्हणाल्या, एकतीस वर्षांत उच्चारलं नाही, जरा थांब. मग स्पष्ट सांगितलं, आणि त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

यापुढे आशीर्वाद पाठवशील तो आम्हा दोघींना पाठव.
तुझी नात